कणखरपणाचं कौतुक

एकांनी लिहिलंय की टीव्ही-सिनेमात काळ्या बायका भांडकुदळ दाखवतात ते वाईटच, पण ‘कणखर’ दाखवणं तर कौतुकाचं, त्याने मुलींचं काय बिघडतं? पहिलं मान्य, दुसरं नाही पटलं. जी कणखर, तिला दुखत नाही, असं लोक बिनदिक्कत गृहीत धरतात. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या विधी केंद्राने 2017 मध्ये अमेरिकेतल्या 325 प्रौढांना प्रश्न विचारले होते. काळ्या मुलींना गोऱ्या मुलींपेक्षा कमी माया, कमी संरक्षण, कमी आधार लागतो, असा त्यांचा समज निघाला, आणि तो सगळ्यात ठळक होता 5 ते 14 या वयाबाबत. म्हणजे बाहुल्या खेळायच्या वयात!

अमेरिकेची काळी टेनिसपटू सेरेना विल्यम्स, तिचंच बघा. 2017 मध्ये बाळंतपणानंतर तिला धाप लागली. आधी फुफ्फुसात रक्ताच्या गुठळ्या झालेल्या, म्हणून तिने स्वतःच सांगितलं, सीटी स्कॅन करा, रक्त गोठू न देणारं हेपरिन द्या. नर्सला वाटलं, वेदनाशामकामुळे बाई गोंधळलीय. स्कॅन झाला तेव्हा गुठळ्या निघाल्याच. पुढच्या वर्षी मेलबर्नच्या ‘हेराल्ड सन’ या वर्तमानपत्राने तिचं व्यंगचित्र छापलं: जाड ओठ, अवाढव्य देह, रॅकेटवर थयथयाट, बाजूला पडलेली चोखणी. समोरची खेळाडू नाओमी ओसाका, बाप हैतीचा, काळा, तरी चित्रात ती गोरी, सोनेरी केसांची. तिथल्या प्रेस कौन्सिलला, म्हणजे वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या संस्थेला, त्यात नियमभंग दिसला नाही. टेनिस खेळणाऱ्या काळ्या पोरीने आरशात बघताना यातलं काय आठवायचं?