मदत हवी आहे: चढता येतं, उतरता येत नाही (उंचीची भीती)

नमस्कार मंडळी,

लिहू की नको, लिहू की नको करत शेवटी आज टाकतोच. वय ४१, राहणार नाशिक, आणि मला उंचीची भीती वाटते. आता नाशिकमधे राहून हे सांगणं म्हणजे कोकणात राहून मासे खात नाही म्हणण्यासारखं आहे. इथे रविवारी ज्याच्या त्याच्या स्टेटसला कुठला ना कुठला किल्ला असतोच आणि आपण आपले गंगेवर (म्हणजे आमची गोदावरी) जाऊन मिसळ खाऊन घरी.

आत्ता विषय निघायचं कारण म्हणजे लेक. सातवीत आहे. तिच्या मैत्रिणींच्या घरचे सगळे मिळून डिसेंबरात हरिहर किल्ल्यावर जायचं ठरवतायत आणि परवा जेवताना ती अगदी सहज म्हणाली, "पप्पा, तुम्ही खाली गाडीतच थांबा ना, मी काकांबरोबर जाईन." टोमणा नव्हता तो, खरंच माझी सोय बघत होती पोरगी. म्हणूनच जास्त लागलं.

हरिहरच का, तर माझी गाडी तिथेच अडकलीये. २००९ ची गोष्ट. तोवर मी व्यवस्थित फिरायचो, ब्रह्मगिरी, अंजनेरी, साल्हेर सगळं झालेलं. हरिहरच्या त्या कातळातल्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको, लोक ८० अंशाचा चढ म्हणतात, मला तर नव्वदच वाटला. पण चढताना काय होतं, तोंड कातळाकडे, हाताला धरायला प्रत्येक पायरीत खोबणी, नजर पुढच्या खोबणीवर, कधी वर पोचलो कळलं पण नाही. वर हनुमानाचं दर्शन घेतलं, तळ्यापाशी बसून डबे खाल्ले, एक पोळी माकडाने नेली, मजेत होतो.

उतरताना दरवाजापाशी आलो आणि संपलं. तिथून बाहेर बघितलं तर पायऱ्या दिसतच नाहीत, डायरेक्ट खालचं पठार. पाठ दरीकडे करून पाय खाली सोडायचा आणि न बघता पायरी शोधायची, एवढंच काम. तो पाय हवेत गेला आणि पायरी लागेचना. म्हणजे असणार ती तिथेच, वीतभर खाली, पण माझा पाय तिला भेटायलाच तयार नव्हता. पाय परत वर घेतला आणि दरवाजात बसकण मारली. मागे पंधरा-वीस जण खोळंबलेले. एक मित्र म्हणे मावळे रात्री घोरपड लावून चढायचे आणि तू पायऱ्या असून घाबरतोस (घोरपडीची गोष्ट खरी की खोटी ते सोडा, पण अशा वेळी मावळे काढणाऱ्या माणसाला काय म्हणावं). दुसरा व्हिडिओ काढत होता.

शेवटी वर लिंबू सरबत विकणारी एक मावशी रिकामी कॅन घेऊन उतरायला निघाली होती ती थांबली. काहीच विचारलं नाही. माझ्या आधी दोन पायऱ्या उतरली, नऊवारीचा काष्टा घट्ट केला, आणि माझी टाच हातात धरून स्वतः पायरीत ठेवली. "भाऊ, खाली नको पाहू, माझ्याकडं बी नको पाहू. हात खोबणीत घाल. आता दुसरा पाय दे." असं करत एकेक पायरी, शेवटपर्यंत. तिच्या बोटांना साखर चिकटलेली होती, ते माझ्या टाचेला कळत होतं, एवढंच नीट आठवतं. खाली आल्यावर पैसे द्यायला लागलो तर म्हणाली सरबत घेतलं नाय तर पैसे कशाचे.

त्यानंतर किल्ले बंद. आणि नुसते किल्ले नाही, हळूहळू गच्ची, फ्लायओव्हरच्या कडेचा फुटपाथ, मॉलमधल्या वरच्या मजल्याचा काचेचा कठडा, सगळीकडेच पोटात गोळा आणि तळपायाला मुंग्या. साधा रील बघताना पण तळहात ओले होतात.

आता गंमत ऐका. २०१६ ला चुलतभावाच्या लग्नाला बंगलोरला विमानाने जायची वेळ आली. आयुष्यातला पहिलाच प्रवास. आठ दिवस झोप नाही, ट्रेनची तिकिटं पण बघून ठेवली होती. मुद्दाम पॅसेजकडची सीट घेतली, टेकऑफला शेजारच्या अनोळखी काकांचा हात धरला हे कबूल करतो. पण वर गेल्यावर बायको म्हणाली बघा तरी, म्हणून वाकून खिडकीतून पाहिलं आणि काहीच झालं नाही! तीस-पस्तीस हजार फुटांवर मी उपमा खात होतो. मधे विमान हादरलं तेव्हा भीती वाटली, पण ती वेगळी, पडायची नव्हती. आणि त्याच दिवशी संध्याकाळी चुलतभावाच्या सतराव्या मजल्यावरच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालायला मला जाता आलं नाही. दारातून फेकला, दोरीवर बसला नाही, गेला खाली.

हे कोडं एका कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी जरा सोडवलं. मी गेलो होतो व्हर्टिगो आहे असं स्वतःच ठरवून. त्यांनी टेबलावर बसवून मान एका बाजूला वळवली आणि एकदम आडवं केलं, डोळे निरखून बघत बसले, मग दुसऱ्या बाजूने तेच. म्हणाले कान ठणठणीत आहे, व्हर्टिगोत उभ्या जागी गरगरतं, त्याचा उंचीशी संबंध असायलाच पाहिजे असं नाही, तुमचं ते नाही, तुमची भीती आहे. तोल म्हणे डोळे, कान आणि पाय तिघं मिळून सांभाळतात. आपण उभे असताना सारखे किंचित डुलत असतो आणि डोळे जवळच्या वस्तूंवरून ते पकडतात. कड्यावर किंवा गॅलरीत समोर जवळचं काहीच नसतं, म्हणून डोळ्यांना ते डुलणं कळत नाही, त्यात भीतीने पाय कडक केले की आणखी बिघडतं. विमानात आजूबाजूला खुर्च्या असतात, आपण पट्टा लावून बसलेलो असतो, आणि मुख्य म्हणजे आपल्यापासून जमिनीपर्यंत नजरेला सलग असं काही दिसत नाही, म्हणून बऱ्याच जणांना ते खोल वाटतच नाही. मला पटलं. कारण कळसूबाई मी २०२२ मधे करून आलोय, १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, हरिहर त्यापुढे पाचेकशे मीटरने बुटका. पण तिथल्या लोखंडी शिड्यांना कठडा आहे, हातात गार लोखंड होतं तोवर जमलं. तिसऱ्या शिडीवरून उतरताना रडवेला झालो होतो, पण उतरलो.

अवांतर: हिरकणीची गोष्ट आपण लहानपणापासून आईची माया म्हणून ऐकतो. मला आता वाटतं त्या बाईचं खरं कौतुक ती उतरली याचं आहे. चढणारे खूप सापडतील.

तर मदत अशी हवी आहे. डॉक्टर म्हणाले समुपदेशकाकडे जा, थोड्या थोड्या उंचीची सवय करत नेतात, आधी दुसरा मजला, भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं, मग तिसरा. हे कोणी खरंच केलंय का? किती दिवस लागले, आणि गॅलरीत झालेली सवय कातळावर कामाला येते का? काही ठिकाणी व्हीआर गॉगल लावून पण करतात म्हणे, त्याचा कुणाला अनुभव? मेव्हणा म्हणतो शांत करणारी अर्धी गोळी घे आणि चढ, पण गोळीने गुंगी आली तर त्या पायऱ्यांवर भीतीपेक्षा तेच जास्त डेंजर, त्यामुळे ते माझ्याच्याने होणार नाही. आणि दोर लावून, वर-खाली माणूस ठेवून उतरवणारे लोक असतात त्यांच्याबरोबर जाणं बरं की त्याने उलट पोरीसमोर जास्तच तमाशा होईल? आणि ज्यांना अशी भीती आहे आणि मुलं आहेत त्यांनी सांगा, तुम्ही मुलांना एकटं पाठवता का? कारण खरं सांगायचं तर मला स्वतःच्या पडण्यापेक्षा ती त्या दरवाजातून पाय खाली सोडतेय हे चित्रच जास्त छळतंय.

अपडेट: एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. "नका जाऊ, एवढं काय अडलंय" म्हणणाऱ्यांचंही बरोबर आहे, बायकोचं तेच मत आहे. एकांनी सुचवल्याप्रमाणे काल सोसायटीच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून उलटा, भिंतीकडे तोंड करून, पाय चाचपत उतरून पाहिला. दोन मजले जमले. वॉचमनने विचारलं साहेब कंबर धरली का, हो म्हणालो. समुपदेशकाची वेळ पुढच्या बुधवारची मिळाली आहे.

आणि एक विनंती. हरिहरला अलीकडे जाऊन आलेल्यांनी उतरताना गर्दी कधी कमी असते, पहाटे निघालं तर किती वाजेपर्यंत खाली येता येतं हे जरूर सांगा. पण फक्त लिहून सांगा, वरून खाली काढलेले फोटो टाकू नका प्लीज. दोघांनी टाकलेत, ते मी अजून डोळ्यावर हात ठेवून स्क्रोल करतोय.