पुराची भीती घालवायला वेलीचा काढा, आणि गोळ्या बंद?

चिखलीकर:
परवा इथं 'मुक्तछंद' यांनी लिहिलं की पन्हाळ्याच्या बाजूला एका फार्महाऊसवर रात्रभर बसून त्यांनी अयाहुआस्काचा, म्हणजे अॅमेझॉनच्या जंगलातल्या एका वेलीचा, काढा घेतला आणि २०१९ च्या पुरापासून मनात बसलेली भीती सकाळपर्यंत गेली. एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. पण शेवटी त्यांनी लिहिलंय, 'डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा, आदिवासींची ही विद्या पुरेशी आहे.' आणि त्याखाली आमच्या चिखली, आंबेवाडीपासून शिरोळपर्यंतच्या लोकांनी 'पत्ता द्या' म्हणून रांग लावलीय.

हा काढा एका झाडाचा नसतो. त्यात वेलीसोबत चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं असतात. त्या पानांत डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं, पण नुसती पानं उकळून प्यायली तर एमएओ नावाचं एन्झाइम ते पोटातच मोडून टाकतं. वेलीतलं हार्मिन आणि हार्मलिन त्या एन्झाइमला अडवतं, म्हणून डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं. आता भीतीवर, डिप्रेशनवर आपल्याकडं सर्रास देतात त्या एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्या सेरोटोनिन वाढवतात. गोळी अंगात असताना वरून हा काढा घेतला तर ताप, थरथर, ताठलेले स्नायू, धावणारी नाडी, आणि वेळेत दवाखाना गाठला नाही तर जिवावर बेततं. बरं, काढ्यासाठी गोळी एकदम तोडली तर झोप उडते, चक्कर येते, जुनं दुखणं उलटतं. शिवाय डीएमटी एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. धाड पडली तर हे पत्ता मागणारेच आत जातील.

मुक्तछंद:
माझं नाव घेऊन लिहिलंत, तर आता ऐकूनही घ्या. पाणी चढलं तेव्हा दावणीची जनावरं सोडायला वेळ मिळाला नाही. वडील आणि मी माळ्यावर, खालून म्हशी ओरडत होत्या. मग त्यांचा आवाज यायचा बंद झाला. तेव्हापासून पत्र्यावर पाऊस वाजला की माझे हात गार पडायचे. डॉक्टरांनी 'झोप लागते का' एवढं विचारलं, चिठ्ठी लिहिली, पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या फार्महाऊसवर मी पहिल्यांदा त्या म्हशींसाठी रडलो आणि मला कुणी थांबवलं नाही. पेरूनं २००८ साली या काढ्याच्या पारंपरिक वापराला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली. स्टॅनफर्डच्या लोकांनी माजी सैनिकांवरचा इबोगेन या झुडपातल्या द्रव्याचा अभ्यास २०२४ मध्ये छापला. ऑस्ट्रेलियानं २०२३ पासून सायलोसायबिन या अळंबीतल्या द्रव्याला औषध म्हणून परवानगी दिली. हे सगळे अडाणी आहेत का?

शाहूपुरी_पाचवी_गल्ली:
अडाणी नाहीत, म्हणूनच ते काय काय काळजी घेतात तेही लिहा. स्टॅनफर्डच्या अभ्यासात ३० माजी सैनिक होते. इबोगेन हृदयाचे ठोके बिघडवतं म्हणून सोबत मॅग्नेशियम दिलं, आणि हे सगळं मेक्सिकोतल्या क्लिनिकमध्ये केलं. तुलनेला दुसरा गट नव्हता. सुधारणा मोठी दिसली, ते मी नाकारत नाही. ऑस्ट्रेलियात हे औषध परवानगी मिळालेला मानसोपचारतज्ज्ञच देऊ शकतो, तेही इतर उपाय थकल्यावर. शिवाय इबोगा गॅबॉनचं झुडूप, सायलोसायबिन अळंबीतलं. तुमच्या काढ्याशी त्यांचा काय संबंध? फार्महाऊसवर तुमचा ईसीजी कुणी काढला होता का?

पेठेतला_बंडू:
एवढं घाबरायचं काय त्यात? आपल्याकडं तालमीतले पैलवान भांग घोटूनच मोठे झाले की. भांगेची पानं कायद्यातही गांजात धरत नाहीत. परदेशी वेल कशाला, आपलीच परंपरा हाय.

लाल_मातीतला:
काय बोलालायस भावा? तालमीत कधी पाय ठेवलायस का? तालमीतली थंडाई म्हणजे बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे, मगज. बदाम रात्री भिजत घालायचे, पहाटे सोलायचे. मग कुंडीत लाकडी दांडक्यानं घोट घोट घोटायचं, पोराच्या खांद्याला कळ लागंपर्यंत. वस्ताद बोटावर घेऊन बघणार, कणी लागली की परत घोट. ती फडक्यातनं गाळून दुधात. ह्यात भांग कुठनं आली? नशा करून खासबागेच्या आखाड्यात उतरलास तर पहिल्या पटात चितपट होशील. बाहेरची माणसं येऊन आमच्या थंडाईला भांग म्हणत्यात ते सोसलं, आता पेठेतलाच म्हणायला लागला.

पेठेतला_बंडू:
खसखस अफूच्याच बोंडातली असते, तेवढं वस्तादांना विचार.

लाल_मातीतला:
बोंडातली असली म्हणून अफू झाली का ती? मग तुझी आई तांबड्या रश्शाच्या वाटणात घालती ती काय नशेला?

पेठेतला_बंडू:
आईला मध्ये आणू नको. शिवरात्रीला भांग पितात की नाही, एवढंच सांग.

लाल_मातीतला:
पितात. शिवरात्रीला, देवळात. तालमीत न्हाय. हा माझा शेवटचा शब्द.

निशिगंध_उचगाव:
थंडाईचं झालं असेल तर मला 'आदिवासींची विद्या' यावर बोलायचंय. मेक्सिकोत वाहाका प्रांतातल्या वाउत्ला गावी मारिया साबिना नावाची माझातेक आदिवासी बाई होती. आजारी माणसाचं दुखणं कळावं म्हणून रात्री ती सायलोसायबिनची अळंबी घेऊन गायची. १९५५ साली गॉर्डन वॉसन नावाचा अमेरिकन बँकर तिच्याकडं बसला आणि १९५७ ला 'लाइफ' मासिकात त्यानं ते छापलं. मग परदेशी पोरांची रीघ लागली, मागोमाग पोलीस आले. गाव तिच्यावर उलटलं, तिचं घर जाळलं. १९८५ ला ती गेली, गरिबीतच. आणि आपण इथं पन्हाळ्याजवळ गादीवर बसून तिच्यासारख्यांचं नाव वापरतो! अॅमेझॉनमधल्या शिपिबो आदिवासींचे वैद्य वर्षानुवर्षं पथ्य पाळून, गाणी शिकून तयार होतात. तुमचा माणूस कुणाकडं शिकला? मला चीड याची येते की गावातल्या देवऋषाकडं गेलं की अंधश्रद्धा, आणि पिसांची टोपी घातलेल्याकडं गेलं की उपचार.

मुक्तछंद:
पिसांची टोपी नव्हती. आणि तो माणूस पेरूला जाऊन आलाय.

निशिगंध_उचगाव:
जाऊन आला म्हणजे शिकला का? पंढरपूरला जाऊन आलेला प्रत्येक जण कीर्तनकार होत नाही.

आशाताई_शिरोळ:
मी गावात आशा सेविका आहे. पुरानंतर घरोघरी फिरताना डोक्सीच्या गोळ्या, क्लोरीन, ओआरएस सगळं पिशवीत होतं. 'रात्री दचकून उठतो' म्हणणाऱ्याला द्यायला काहीच नव्हतं. एक आजी रोज उंबऱ्याला खडूनं पाण्याची खूण करायच्या आणि सकाळी बघायच्या, पाणी वर आलंय का. २०२१ ला परत पाणी आलं आणि त्या बोलायच्याच बंद झाल्या. मुक्तछंद दादा फार्महाऊसवर गेले याचं मला नवल वाटत नाही. रडू देणारी जागा दुसरी नव्हतीच. पण आता १४४१६ वर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. मी त्या आजींना माझ्या मोबाइलवरून जोडून दिलं. बऱ्या झाल्या असं म्हणणार नाही. जेवायला लागल्या.

चिखलीकर:
ताईंचं म्हणणं मान्य. डॉक्टर ऐकून घेत नाहीत हेही मान्य, नाइलाजानं. पण म्हणून अंधारात काढा पाजायचा?

मुक्तछंद:
'गोळ्या बंद करा' एवढं वाक्य काढतो, ताईंसाठी. तुमच्यासाठी नाही. मला बरं वाटलं ते खोटं नव्हतं.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली:
खोटं कुणी म्हटलंच नाही. एकच विचारतो. काढा देण्याआधी, तुमची कुठली गोळी चालू आहे का, हे विचारलं होतं?

मुक्तछंद:
फॉर्मवर सही घेतली होती.

चिखलीकर:
त्या फॉर्ममध्ये काय लिहिलं होतं ते इथं टाका. पत्ता मागणाऱ्यांना आधी तो वाचू दे.

मुक्तछंद:
त्याची प्रत आम्हाला दिली नाही.