रात्री प्रबळ होणारी तलवार: ‘स्कायरिम’साठी शस्त्राचा मॉड रचताना आलेल्या अडचणी

निशापाते यांचा प्रश्न

‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेमच्या स्पेशल एडिशनसाठी मी एका एकहाती तलवारीचा मॉड, म्हणजे खेळात घालायची भर, तयार करत आहे. ही तलवार दिवसा साधीच असावी, पण अंधार पडल्यावर तिचा घाव अधिक खोल जावा आणि ते खेळणाऱ्याला जाणवावे, अशी माझी कल्पना आहे. पात्याची मेश (त्रिमितीय आकार) मी ब्लेंडरमध्ये स्वतः घडवली असून टेक्स्चरही (पृष्ठभागावरची चित्रे) माझीच आहेत. क्रिएशन किट या खेळाच्या संपादन साधनात मात्र मी नवखा असल्यामुळे पोलादी तलवारीच्या नोंदीची प्रत काढली आणि तिच्यातच एकेक बदल करत गेलो.

पहिली अडचण आकड्यांची आहे. मूळ डॅमेज (घावाचे बळ) 12 ठेवून रात्रीसाठी 10 डॅमेजचे एन्चांटमेंट (शस्त्रावरची जादू) जोडले, तेव्हा सुरुवातीच्या पात्राच्या हातात ती तलवार इतकी भारी ठरली की रात्रीच्या लढाईत काही अर्थच उरला नाही. पुढे गेलेल्या पात्राला मात्र तीच तलवार बेतास बात वाटते. दुसरी अडचण अशी की ‘वेळ 21 किंवा त्याहून अधिक’ आणि ‘वेळ 5 पेक्षा कमी’ या दोन अटी घातल्यापासून रात्रीचा परिणाम एकदाही दिसलेला नाही. (वर सांगितलेली चाचणी अट न घालता केली होती.) तिसरी अडचण दिसण्याची: पात्राकडे मागून पाहताना माझी तलवार दिसते, पण पात्राच्या डोळ्यांनी पाहू लागलो की हातात जुनी पोलादी तलवारच असते. शिवाय पात्यावर कोरलेली खोबण वर आलेल्या वरंब्यासारखी दिसते आणि सगळे पाते ओल्या प्लास्टिकसारखे चकाकते.

चुका दुरुस्त करायच्या आहेतच, पण त्याआधी मला हे समजून घ्यायचे आहे की मूळ रचनेतच माझे काही चुकते आहे का.

ऐरण यांचे उत्तर

तुमची कल्पना चांगली आहे, पण तिची अंमलबजावणी चुकीच्या जागी झाली आहे, म्हणून आधी आकड्यांचेच पाहू.

या खेळात एकहाती तलवारींची एक ठरलेली उतरंड आहे: लोखंडी 7, पोलादी 8, ऑर्किश 9, ड्वार्वन 10, एल्व्हन 11, काचेची 12, एबनी 13 आणि डेड्रिक 14. ‘डॉनगार्ड’ विस्तारात ड्रॅगनच्या हाडाची 15 ची तलवार आली. म्हणजे अगदी पहिल्या आणि जवळजवळ शेवटच्या तलवारीत मूळ डॅमेजचे अंतर दुपटीहून फारसे अधिक नाही. बाकीची सगळी वाढ पात्राच्या कौशल्यातून, पर्कमधून (पात्राला मिळणाऱ्या खास क्षमतांमधून) आणि धार लावण्यातून येते. एकहाती कौशल्य 100 झाले की मूळ डॅमेज दीडपट होते, आर्म्समन पर्कच्या पाचही पायऱ्या घेतल्या की ते पुन्हा दुप्पट होते. त्यामुळे डेड्रिक तलवारीचे 14, धार न लावताही, 42 पर्यंत जाते. तुमच्या एन्चांटमेंटचे 10 मात्र या वाढीत सामील होत नाही. ते पहिल्या दिवशी 10 असते आणि शेवटच्या दिवशीही 10 च राहते. नवख्या पात्रासाठी ते घाव दुप्पट करण्याइतके मोठे आहे, तर मुरलेल्या पात्रासाठी पावपट भरही नाही. तुम्हाला दोन्ही टोकांना जे जाणवले त्याचे कारण एवढेच आहे, आणि 10 चे 8 किंवा 15 केल्याने ते सुटणार नाही.

माझी सूचना अशी की रात्रीची ताकद बेरजेने न देता गुणाकाराने द्या. एक लपलेला पर्क तयार करा, त्यात हल्ल्याचे डॅमेज बदलणारा एंट्री पॉइंट (पर्कचा परिणाम कुठे लागू होतो ते ठरवणारा पर्याय) घ्या आणि 1.5 ने गुणण्याचा पर्याय निवडा. शस्त्राच्या टॅबवर तुमच्या तलवारीचा स्वतःचा कीवर्ड (ओळखीची खूण) असण्याची अट ठेवा, पर्कधारकाच्या टॅबवर वेळेची. मूळ डॅमेज 12 वरून 9 वर आणा. मग दिवसा तुमची तलवार ऑर्किशच्या बरोबरीची राहील आणि रात्री 13.5 होईल, म्हणजे एबनी आणि डेड्रिक यांच्या मधोमध, आणि हे नाते पात्र कितीही वाढले तरी टिकेल. यात एक उणीव आहे: पर्क खेळणाऱ्या पात्रालाच दिलेला असल्यामुळे एखाद्या सोबत्याच्या हातात तलवार दिल्यास तिला रात्रीची ताकद मिळणार नाही. मला स्वतःला ही उणीव चालण्यासारखी वाटते.

याहून महत्त्वाचा प्रश्न मर्यादेचा आहे. खेळाची वेळ मुळात वीसपट वेगाने धावते, त्यामुळे खेळातला पूर्ण दिवस खऱ्या 72 मिनिटांत संपतो आणि तुमची आठ तासांची रात्र 24 मिनिटांची ठरते. कागदावर ही मर्यादा कडक दिसते; परंतु खेळणारा ‘थांबा’ची कळ दाबून दुपारची मध्यरात्र करू शकतो आणि त्याला काहीही मोजावे लागत नाही. जी मर्यादा फुकटात ओलांडता येते ती मर्यादाच नव्हे. त्यातच गुहेत शिरल्यावर आकाश दिसत नाही, म्हणून तलवार बळकट झाली की नाही हे खेळणाऱ्याला कळतही नाही. यासाठी वेळेच्या जोडीला ‘पात्र बाहेर उघड्यावर आहे’ ही अटही घाला. मग तिचे बळ चांदण्यात उभे राहून लढण्याशी बांधले जाईल आणि गुहेत जाताना दुसरे शस्त्र घ्यायचे का, याचा विचार करणे भाग पडेल. शस्त्राला स्वभाव येतो तो अशा निवडीतून.

एन्चांटमेंट पूर्णपणे काढू नका. त्याचे डॅमेज 10 वरून 2 करा, त्याला याच अटी लावा आणि त्याच्या मॅजिक इफेक्टमध्ये थंड निळसर हिट शेडर (घाव बसलेल्याच्या अंगावर दिसणारा दृश्य परिणाम) निवडा. घाव बसताच शत्रूच्या अंगावर ती छटा उमटेल आणि तलवार जागी झाल्याचे त्या क्षणी कळेल. पाते स्वतःच रात्री उजळावे यासाठी पहिल्या आवृत्तीत तरी मागे लागू नये असे माझे मत आहे.

घटिका यांचे उत्तर

वेळेच्या अटीपुरते सांगतो. तुमच्या दोन ओळी ‘आणि’ने जोडलेल्या आहेत, म्हणजे घड्याळात एकाच क्षणी 21 च्या पुढचीही आणि 5 च्या आतलीही वेळ असावी अशी अपेक्षा तुम्ही केली आहे, जी कधीच पूर्ण होणार नाही. मध्यरात्र ओलांडणाऱ्या कालावधीसाठी पहिल्या ओळीवर ‘किंवा’ची खूण करावी लागते.

ऐरण यांनी सुचवलेली बाहेर असण्याची अट जोडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. क्रिएशन किट ‘किंवा’ने जोडलेल्या ओळींचा गट आधी बांधते आणि मग तो ‘आणि’ने इतर अटींना जोडते, प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांत क्रम याच्या उलट असतो, त्यामुळे सवयीने चूक होते. तुमच्या बाबतीत मात्र हा क्रम सोयीचाच आहे: वेळेच्या दोन ओळी ‘किंवा’ने आधी लिहा, त्यांच्याखाली ‘आतल्या जागेत नाही’ ही ओळ लिहा. खेळातच याचा एक नमुना आहे. व्हाइटरनजवळच्या सायलेंट मून्स कॅम्पमध्ये मिळणारी चांद्र शस्त्रे रात्रीच जळजळीत घाव करतात. त्यांचे एन्चांटमेंट एसएसईएडिट या मॉडच्या नोंदी पाहण्याच्या साधनात उघडून अटी कशा मांडल्या आहेत ते पाहा.

‘धार आणि मूठ’ यांचे उत्तर

हातात जुनी तलवार दिसण्याचे कारण तुम्ही काढलेल्या प्रतीतच आहे. शस्त्राच्या नोंदीत मॉडेल दोन ठिकाणी दिलेले असते. एका ठिकाणी निफ फाइलचा (मॉडेलच्या फाइलचा) मार्ग थेट असतो. दुसरे, म्हणजे पात्राच्या डोळ्यांनी दिसणारे मॉडेल, ‘स्टॅटिक’ प्रकारच्या वेगळ्या नोंदीतून येते. प्रत काढली तेव्हा पोलादी तलवारीची स्टॅटिक नोंद जशीच्या तशी आली. तुमच्या निफचा मार्ग देऊन नवी स्टॅटिक नोंद करा आणि ती तिथे निवडा. जुन्या स्टॅटिकमध्येच मार्ग बदलण्याचा मोह टाळा, नाहीतर खेळातल्या प्रत्येक पोलादी तलवारीला हातात तुमचे रूप येईल.

खोबण उलटी दिसते कारण ब्लेंडर नॉर्मल मॅप (पृष्ठभागाचे उंचसखलपण दाखवणारे चित्र) ओपनजीएलच्या पद्धतीने बनवतो आणि ‘स्कायरिम’ तो डायरेक्टएक्सच्या पद्धतीने वाचतो. या दोन्हींत हिरवा चॅनेल एकमेकांच्या उलट असतो. प्रतिमा संपादकात फक्त तेवढा चॅनेल उलटा करून पुन्हा साठवा. ओल्या प्लास्टिकसारखी चकाकीही याच फाइलमधून येते. नॉर्मल मॅपच्या अल्फा चॅनेलमध्ये चमकीचे प्रमाण साठवलेले असते, आणि तुमचा अल्फा बहुधा पूर्ण पांढरा राहिला आहे. पात्याच्या धारेकडे तो उजळ ठेवा, खोबणीत मंद करा आणि मुठीच्या चामड्यावर जवळजवळ काळा करा. या कामाला एक संध्याकाळ द्यायला हरकत नाही. लोखंड लोखंडासारखे दिसणे बरेचसे या करड्या छटांवरच अवलंबून असते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. पाते लांब केल्याने तलवार लांबवर लागत नाही. घाव कुठवर पोहोचेल हे नोंदीतल्या ‘रीच’ या आकड्यावर ठरते. तलवारीसाठी तो 1 असतो आणि मूळ अंतर 141 एककांचे, म्हणजे सुमारे दोन मीटरचे आहे. तुमचे पाते पोलादी तलवारीहून बरेच लांब असेल तर ते शत्रूच्या अंगातून आरपार गेलेले दिसेल आणि घाव मात्र लागणार नाही. मूळ तलवारीची निफ ब्लेंडरमध्ये शेजारी ठेवून लांबी जुळवा.

निशापाते

आपणा तिघांचे मनापासून आभार. स्टॅटिक नोंद बदलताच हातात माझी तलवार दिसली आणि हिरवा चॅनेल उलटा केल्यावर खोबण खरोखर खोल वाटू लागली. पर्कचा मार्गही जमला: मूळ 9 आणि रात्री दीडपट या आकड्यांवर दोन वेगवेगळ्या पात्रांनी खेळून पाहिले, आणि दोघांनाही रात्रीची वाट पाहावीशी वाटली. ‘थांबा’ची पळवाट उघड्यावर अजूनही आहेच, पण गुहेत ती उपयोगी पडत नाही एवढे मला पुरेसे आहे.

आता शेवटचा प्रश्न. ही तलवार खेळणाऱ्याच्या हाती कशी पोहोचवावी? लेव्हल्ड लिस्टमध्ये, म्हणजे पात्राच्या पातळीनुसार वस्तू वाटणाऱ्या यादीत, टाकावी असे मनात आहे.

ऐरण

लेव्हल्ड लिस्टमध्ये टाकू नका. एकच यादी दोन मॉडनी बदलली की शेवटी लोड होणाऱ्या मॉडची यादी टिकते आणि आधीच्याची भर नाहीशी होते. राय बॅश (Wrye Bash) या साधनाने यादी एकत्र करता येते, पण ते काम प्रत्येक वापरकर्त्यावर टाकणे योग्य नाही. त्यापेक्षा मोठी अडचण अशी की मग तुमची तलवार एखाद्या दरोडेखोराच्या खिशातही सापडेल. ती एकच असावी, आकाश मोकळे दिसेल अशा उंच जागी हाताने ठेवलेली असावी आणि तिच्यापर्यंत पोहोचायला चढण चढावी लागावी. जागा ठरवताना जमिनीला आणि नेव्हमेशला (पात्रांच्या चालण्याच्या वाटा ठरवणाऱ्या जाळीला) चुकूनही हात लावू नका, कारण अशा नकळत झालेल्या बदलांमुळे दुसऱ्यांचे मॉड मोडतात. काम संपल्यावर प्लगिन (मॉडची फाइल) एसएसईएडिटमध्ये उघडून स्वतःच्या नोंदींखेरीज जे काही दिसेल ते काढून टाका.

धार लावण्याची कृती विसरू नका. तलवारीवर पोलादाचा कीवर्ड आहे, तो राहू द्या. स्टील स्मिदिंग पर्क असलेल्याला तिची धार दुपटीने वाढवता येईल, आणि तो पर्क सुरुवातीलाच घेता येतो. सहाणेवरच्या कृतीत एक पोलादी इनगॉट पुरे.

तुमच्या नोंदी मोजक्याच आहेत, म्हणून प्लगिनवर लाइटची खूण करा. पूर्ण प्लगिन 254 च चालतात आणि लाइट 4096 पर्यंत, त्यामुळे वापरकर्त्याची एक जागा वाचेल. मात्र त्यासाठी फॉर्म आयडी (नोंदींचे ओळख क्रमांक) आटोपशीर करावे लागतात आणि ते काम मॉड प्रसिद्ध करण्यापूर्वीच व्हायला हवे. नंतर आयडी बदलले, तर ज्यांनी तलवार आधीच मिळवली आहे त्यांच्या जुन्या सेव्हमधून ती गायब होईल.