‘ओळखणे’ की ‘वाटणे’? एका क्रियापदावर अडलेला अनुवाद

बोरू : एका लेखाचा अनुवाद करतेय. बोलणं ऐकून माणसाचा लैंगिक कल सांगता येतो का, यावरच्या संशोधनाबद्दल आहे. पहिल्या झटक्यात ‘आवाजावरून समलिंगी ओळखणे’ असं लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी वाचलं तर खटकलं. मराठीत ‘ओळखलं’ म्हटलं की ते बरोबर निघालं असंच आपण धरून चालतो. चूक झाली असेल तर ‘चुकीचं’ हा शब्द मुद्दाम जोडावा लागतो. आणि इथे वाद नेमका बरोबर-चूक याचाच आहे. ‘ताडणे’ चालेल का?

खडीसाखर : नको हो. ‘ताडलं’ म्हणजे समोरच्याने लपवलेलं बिनचूक पकडलं. चोर पकडल्यासारखं वाटतं.

ठोकळा : क्रियापद ठरवायचं तर आधी प्रयोगात काय झालं ते बघू. भाषेचे अभ्यासक रुडॉल्फ गॉडिओ यांचा १९९४ चा निबंध या विषयातला सुरुवातीचा मानतात. आठ पुरुष, चार समलिंगी आणि चार भिन्नलिंगी. त्यांनी वाचलेले उतारे १३ जणांना ऐकवले. ऐकणाऱ्यांचे अंदाज बरेचसे बरोबर आले. मात्र आवाजाच्या चढउतारात दोन गटांमधला जो फरक सापडेल असं वाटलं होतं, तो काही ठामपणे हाती लागला नाही. म्हणजे कान काहीतरी पकडत होता, पण काय ते कळेना.

नंतर २००३ मध्ये टोरांटोच्या स्मिथ, जेकब्स आणि रॉजर्स यांनी २५ पुरुषांचे आवाज घेतले, १७ समलिंगी, ८ भिन्नलिंगी. काही भिन्नलिंगी पुरुष ऐकणाऱ्यांना ‘गे’ वाटले, काही समलिंगी अजिबात वाटले नाहीत. तिथून ‘असणे’ आणि ‘वाटणे’ या दोन गोष्टी सरळ वेगळ्या धरायला लागले. पुढे २०१५ मध्ये इटालियन आणि जर्मन आवाजांवर प्रयोग झाला. ऐकणाऱ्यांनी खुशाल वर्गवारी केली, पण ती खऱ्याशी जुळेना. तेव्हा माझं मत ‘वाटणे’ला.

चहाटळ : ‘गेडार’ तसाच ठेवा की. गे अधिक रडार, समोरचा गे आहे हे आपल्याला कळतं असा लोकांचा दावा असतो ना, तो.

ठोकळा : रडारला विमान खरंच सापडतं!

बोरू : 😄 बरं, दुसरी अडचण. ‘गे वाटणारा आवाज’ऐवजी ‘बायकी आवाज’ असं कुणीतरी सुचवलंय.

खडीसाखर : बिलकूल नको. ‘बायकी’ हा पुरुषाला हिणवायला वापरतात तो शब्द. शिवाय अर्थही वेगळा. बायकी-पुरुषी हे वागण्याबोलण्याच्या ढंगाबद्दल, समलिंगी हे ओढ कुणाबद्दल आहे त्याबद्दल. मिनेसोटाच्या बेंजामिन मन्सन यांनी २००७ मध्ये हेच तपासलं. आवाज किती पुरुषी वा बायकी वाटतो आणि बोलणारा समलिंगी वाटतो का, या दोन निवाड्यांचं नातं आहे, पण कान दोन्हीसाठी आवाजातल्या अगदी त्याच खुणा धरत नाही.

रंकाळा : आमच्याकडे तर व्याकरणच गंडतं. माझी मावसबहीण गंगावेशीतून फोन करते, “मी निघालो गं, भाकरी झाकून ठेव.” कोल्हापुरात बायका ‘आलो, गेलो’ सर्रास म्हणतात. पुण्यात आली तेव्हा हॉस्टेलवरच्या मुली तिच्याकडे वळून बघायच्या. आणि पुण्यातला एखादा मुलगा ‘मी आले’ म्हणाला तर? लगेच निकाल. तेव्हा ऐकणारा कुठला हेही बघा.

ठोकळा : भारी उदाहरण. फक्त ते क्रियापदाच्या रूपाचं झालं, हे प्रयोग उच्चाराचे आहेत. उदाहरणार्थ ‘स’. इंग्रजीत याला ‘गे लिस्प’ असं नाव पडलंय आणि मराठी बातम्यांत त्याचं ‘बोबडेपण’ होतं. दोन्ही फसवे. बोबड्या माणसाचा ‘स’ ‘थ’कडे घसरतो, बोथट होतो. मोजमापांत आढळलेला ‘स’ उलट जास्त टोकदार, शिट्टीकडे झुकणारा असतो. तोही सगळ्यांचा नाही.

बोरू : अरे देवा, मीही ‘बोबडा स’च लिहिलं होतं. ‘धारदार स’ करते.

चहाटळ : ‘लैंगिक कल’ ठेवताय ना? मला मतमोजणी आठवते. ‘सुरुवातीचे कल हाती येत आहेत.’

खडीसाखर : ‘अभिमुखता’पेक्षा बरा. ‘निवड’ मात्र लिहू नका, ती कुणी बसून केलेली नसते.

बोरू : ‘कल’ ठेवला. मथळा ‘आवाज ऐकून काय वाटतं?’ केलाय. आत ऐकणाऱ्यांसाठी सगळीकडे ‘वाटणे’. आणि ‘ताडणे’ही वाया गेलं नाही, फक्त ‘पाहणे’ जोडावं लागलं : ‘ऐकणाऱ्यांना जे वाटलं, ते बोलणाऱ्यांनी स्वतःबद्दल दिलेल्या माहितीशी ताडून पाहिलं.’