पोरीला कॉन्व्हेंटात टाकू का? (नागपूर)

पोरगी यंदा पहिलीत जाईल. सदरकडच्या एका कॅथलिक शाळेचा फॉर्म आणला पण सासूबाई म्हणतात तिथं बाटग्यासारखी प्रार्थना करायला लावतात, खरं काय? आणि आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांतून) होईल का?

सदरवाला: काही नाही होत बे, मी स्वतः शिकलो. सकाळी 'अवर फादर' म्हणायचो आणि घरी येऊन शुभंकरोती, दोन्ही पाठ आहे अजून. कॅथलिक पोरं कॅटेकिझमला (त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला) जायची तेव्हा आम्हाले मॉरल सायन्स, त्यात निबंधच जास्त. सिस्टर नखं तपासायच्या त्याचीच भीती, देवाची नाही.

वकीलताई: घटनेच्या कलम २८ प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण देता येत नाही. आरटीई विसरा, २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळा त्यातून बाहेर आहेत.

दोन पोरांची आई: मराठीची चिंता नको, २०२० च्या कायद्याने पहिलीपासून सगळीकडे कंपल्सरी आहे. पण इंग्रजीत डायरी रोज वाचायची तयारी ठेवा ताई, माझी अर्धी संध्याकाळ त्यातच जाते. नाताळच्या नाटकात माझा लहाना मेंढी झाला होता, आजीनंच कापूस चिकटवून दिला!