पोलंडचे गावोगावचे पदार्थ – काय खाल्लंत, कुठे खाल्लंत? अनुभव लिहा

पोलंडमधल्या खाण्याचं कोणालाही विचारा, गाडी पिएरोगीवर (आत सारण भरून उकडलेल्या करंज्या) येऊन थांबते. इथे प्रदेश बदलला की ताट बदलतं, म्हणून हा धागा. कुठल्या भागात काय खाल्लं, खरंच आवडलं की नुसतं फोटोपुरतं, सगळं लिहा. शाकाहारी मंडळींनी तर नक्कीच.

सुरुवात मी करते, पोझ्नानपासून. 11 नोव्हेंबरला अख्ख्या देशात स्वातंत्र्यदिन, पण पोझ्नानला त्यादिवशी सेंट मार्टिनचाही सण, आणि त्याचा खास रोगाल, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराची गोड पेस्ट्री. आत पांढऱ्या खसखशीचं सारण, अक्रोड-बदाम, मनुका, संत्र्याची साल, वर साखरेचा पाक. 2008 पासून युरोपियन युनियनचा भौगोलिक दर्जा आहे त्याला. एक अख्खा खाल्ला की जेवण विसरा. रोजच्या खाण्यातलं म्हणाल तर पिरी-ग्झिक, म्हणजे उकडलेले बटाटे आणि त्यावर त्वारूग (ताजं, जरा आंबटसर चीज), क्रीम, कांदा, मुळा. साधं आहे पण मला रोगालपेक्षा हेच जास्त आवडतं.

डोंगरवाट
डोंगरातलं झाकोपाने! ओस्त्सिपेक! मेंढीच्या दुधाचं धुरावलेलं चीज, लाकडी साच्यात दाबून केलेलं, दोन्हीकडे निमुळतं. मे ते सप्टेंबर मेंढ्या डोंगरावर असतात तेव्हाच बनतं, त्यामुळे फेब्रुवारीत क्रुपुफ्की रस्त्यावर जे छोटे छोटे तुकडे भाजून क्रॅनबेरी जॅमबरोबर देतात ते बहुतेक गाईच्या दुधाचं असतं. लागतं छानच, खोटं कशाला बोलू, पण ते ओस्त्सिपेक नाही. खरं हवं तर उन्हाळ्यात मेंढपाळांच्या झोपडीवर जा, बात्सुफ्का म्हणतात तिला, तिथे आत धूर इतका की डोळे चुरचुरतात. मी तिथेच झेंतित्सा पण प्यायलो, चीज केल्यावर उरलेलं पाणी, मला झेपलं नाही.

घासफूस
शाकाहारींसाठी महत्त्वाचं. पिएरोगी रुस्किए मागवा, आत बटाटा, त्वारूग आणि कांदा. पण वरून तळलेल्या डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे (स्क्फार्की) टाकून देतात बऱ्याच ठिकाणी, म्हणून ऑर्डर देतानाच "बेस स्क्फारेक" म्हणायचं. सूपमध्ये भाज्याच दिसल्या तरी पाणी मांस उकळलेलं असू शकतं, विचारून घ्या. आणि वर सांगितलेल्या ओस्त्सिपेक चीजमध्ये रेनेट (दूध फाडायला वापरतात ते, जनावराच्या जठरातलं) असतं, कडक शाकाहारींनी ते पण बघा. उन्हाळ्यात ख्लोदनिक मात्र चुकवू नका, बीट, केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध), काकडी, मुळा, शेपू घालून थंडगार गुलाबी सूप. वर उकडलेलं अंडं असतं, नको असेल तर सांगायचं.

पंचगंगा
मी कोल्हापूरचा. 1943 ते 48 आमच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, जवळपास पाच हजार माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. त्याचं स्मारक वॉर्सात आहे म्हणून मुद्दाम बघायला गेलो आणि नंतर जेवायला बार म्लेच्नीत, म्हणजे इथल्या साध्या खानावळीत. तिथे बिनमांसाच्या पदार्थांवर सरकारी अनुदान असतं त्यामुळे स्वस्त, ट्रे आपणच उचलायचा, बोर्ड सगळा पोलिशमध्ये, मागचे लोक खोळंबलेले. मी झुरेक घेतलं, राईचं पीठ पाण्यात आंबवून केलेलं सूप, त्यात पांढरं सॉसेज आणि अंडं. पहिल्या चमच्याला थेट ज्वारीच्या आंबिलीची आठवण आली बघा, फक्त सॉसेजने भानावर आणलं.

लाटणंबहाद्दर
माझं सासर कातोवित्सेचं, त्यामुळे रविवार म्हणजे क्लुस्की (बटाट्याचे उकडलेले गोळे), रोलादा आणि मोद्रा कापुस्ता (लाल कोबी), यात बदल नाही, एकदा मी पुलाव करते म्हणाले तर सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. क्लुस्कीचं माप मस्त आहे. उकडलेले बटाटे गरम असतानाच कुस्करून भांड्यात दाबून बसवायचे, सुरीने चार भाग करायचे, एक भाग काढून त्या रिकाम्या जागेत बटाट्याचा स्टार्च भरायचा, मग काढलेला भाग परत घालून मळायचं. वजनकाटा नको. गोळ्याला अंगठ्याने खळगा पाडायचा, ग्रेव्ही तिथेच थांबते. रोलादा बीफचा असतो, आत बेकन, मोहरीची पेस्ट, आंबवलेली काकडी. मी बीफ खात नाही, माझ्यासाठी मशरूमची ग्रेव्ही वेगळी होते, कुरकुर न करता (पुलावची गोष्ट वेगळी).

पूर्वेकडचा
पोद्लाशेला कोणी जातच नाही राव. बेलारूसच्या सीमेजवळ क्रुशिन्यानी नावाचं गाव आहे, 1679 साली राजा यान सोबिएस्कीने तातार सैनिकांना जमीन दिली ती ही. हिरवी लाकडी मशीद आहे आणि तिथे पिएरेकाचेव्निक मिळतो, पातळ पोळ्यांचे थर, मध्ये सारण, गुंडाळून भाजलेला. मुसलमान लोकांचं जेवण त्यामुळे डुक्कर नाही, आमच्या ग्रुपमध्ये दोघंजण तेवढ्यावरच खूश. तिथून उत्तरेला सुवाउकीकडे कार्ताचे खा, बटाट्याचे हाताएवढे गोळे, आत खिमा. दोन खाल्ले की बस.

नवीनच_आलेय
मी 23 डिसेंबरला ल्युब्लिनला पोचतेय. तिथे काय खाऊ? व्हेज.

घासफूस
@नवीनच_आलेय त्सेबुलाश! मैद्याची जाडसर गोल भाकरी, वर कांदा आणि खसखस, मूळ तिथल्या ज्यू बेकरांचं. सकाळी गरम घे, बेकरीत विचार फक्त. आणि 24 ला आता सुट्टीच असते (2025 पासून), बहुतेक दुकानं-हॉटेलं बंद, सगळे घरी विगिलियाच्या (नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या) जेवणाला, म्हणून 26 पर्यंतचं सामान 23 लाच भरून ठेव.