मदत हवी आहे: मृत्यूचं स्मरण करता करता घाईच वाढते, काय करावं?

नमस्कार मंडळी. सराव साधाच आहे: सकाळी दहा मिनिटं ताठ बसायचं, श्वास सोडताना 'पुढचा येईलच असं नाही' एवढंच मनात धरायचं आणि उठल्याबरोबर दिवसाचं एकच काम ठरवायचं. राहून गेलेला फोन, मागायची माफी, असलं काही. रात्री केला तर झोप उडते. धडधड वाढली की लक्ष तळपायांवर आणायचं, ते जमतं.

अडतं वेगळ्याच जागी. ८० वर्षांचे ४,१६० आठवडे तक्त्यावर मांडून एकेक चौकट खोडायला लागलं, की स्मरण मागे पडतं नि नुसती घाई उरते. मग माणूस समोरच्याचं बोलणंही अर्ध्यावर तोडतो! तक्ता बंदच करावा, की महिन्याने खोडावा? आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर हा सराव किती दिवस थांबवावा? शिकवणाऱ्यांनी कृपया नेमकं सांगा.